उघड्या रस्त्याचा पाहुणा

आमच्या कराक गावात मुफ्लेहला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि मुफ्लेहनं ज्याच्याकडे कधी काही मागितलंय असाही सापडायचा नाही. थोरल्या मुलाच्या नावावरून सगळे त्याला अबू राकान म्हणत.

उभी हयात त्याची पाणी सोडण्यात गेली. आमच्या डोंगरावरच्या गावात नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा. कुठल्या गल्लीला कधी सोडायचं ते ठरवणारी माणसाच्या उंचीची लोखंडी किल्ली मुफ्लेहच्या खांद्यावर असायची. त्यामुळे अख्खं गाव त्याच्या दारात. "अबू राकान, घरी लग्न आहे, जरा जास्त वेळ सोड ना." "अबू राकान, टाकी कोरडी पडलीये, म्हातारी अंथरुणात आहे." मागताना माणसाचा चेहरा कसा होतो, हे त्यानं जितकं जवळून पाहिलं तितकं कुणी पाहिलं नसेल. बाजारात चारचौघांवर आवाज चढवणारा दांडगा गडी, पण पाण्यासाठी आला की खांदे पाडून उभा राहायचा आणि साखरेत घोळल्यासारखं बोलायचा. मुफ्लेह कधी पाणी सोडायचा, कधी जमायचं नाही. पण तो चेहरा काही त्याच्या डोळ्यांपुढून हलायचा नाही. आपला चेहरा असा कुणाला दिसता कामा नये, कुणाचं मिंधं म्हणून व्हायचं नाही, हे त्यानं मिसरूड फुटायच्या वयातच ठरवून टाकलं.

लोक याला स्वाभिमान म्हणायचे. मला विचाराल तर ती खोड होती, आणि खोडीचा त्रास ज्याला असते त्याला कमी, घरच्यांना जास्त. शेजाऱ्याची शिडी मागायला नको म्हणून हा गृहस्थ हिवाळेच्या हिवाळे गळक्या छपराखाली बादल्या मांडून झोपला. बायको म्हणायची, "अहो, शिडी मागायचीये, त्यांची मुलगी नाही." हा नुसता कूस बदलायचा.

आणि मुलगी मागायची वेळ आली तेव्हासुद्धा यानं तोंड उघडलं नाहीच. राकानसाठी शोबकच्या अबू गानेमची मुलगी रुबा मागायला आमची जाहा गेली होती, म्हणजे गावातली पाचपन्नास वडीलधारी माणसं. यजमानानं कॉफी दिली की मागणी करणाऱ्यानं कप ओठाला न लावता समोर जमिनीवर ठेवायचा. तो कप म्हणजेच शब्द. यजमान म्हणतो, "घ्या कॉफी, ज्यासाठी आलात ते दिलं," आणि मगच कप उचलायचा. मुलाच्या बापानं कप ठेवावा असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मुफ्लेहनं थोरल्या चुलतभावाला कोपर मारलं. कप चुलतभावानं ठेवला, बोलला चुलतभाऊ, आणि सून आली मुफ्लेहच्या घरी. यजमानाच्या घरची जोडे काढायची जागा असते ना, तिथंच हा कोपऱ्यात बसून होता.

रुबा शाळेत शिकवायची. पोर हसतमुख, पण उगाच मान डोलावणारी नव्हे. जुमाना झाली, रांगायला लागली, बोलायला लागली, आणि मुफ्लेहचा दिवस त्या नातीभोवती फिरू लागला. मग सफरचंदं उतरायच्या दिवसांत जुमानाला ताप आला. रुबा परीक्षेमुळे शाळेत गेली होती. संध्याकाळी ती परतली तेव्हा घरात शेजारणी जमलेल्या, आणि त्यांच्यादेखत सासू म्हणाली, "या पोरीला आई नाहीये बायांनो, नुसता पगार आहे." राकान सीमेवरच्या चौकीवरून सुट्टीवर आलेला. त्यानंही आईचीच री ओढली. मुफ्लेह तिथंच होता. रॉकेलच्या शेगडीची वात खालीवर करत बसला होता. त्या शब्दांनी त्याच्या काळजाला डागणी बसली, पण तो मूग गिळून बसला. दुसऱ्या दिवशी रुबा मुलीला घेऊन माहेरी गेली.

आता आमच्यात रुसून गेलेली सून आपल्या पायांनी परत येत नाही. यायची इच्छा असली तरी येत नाही. सासरच्या वडीलधाऱ्यांनी जायचं, शब्द टाकायचा, मानानं आणायची. राकानचा राग तर पहिल्याच आठवड्यात ओसरला. दर सुट्टीला तो विचारायचा, "बाबा, जाल ना?" मुफ्लेह म्हणायचा, "बघू." चुलतभाऊ आता हयात नव्हता. बायको सुरुवातीला गुरगुरली, मग तीही जुमानाची खेळणी उचलून ठेवताना डोळे पुसायला लागली. आणि थंडी पडता पडता शोबकहून उडत उडत बातमी आली की रुबानं तिकडच्या शाळेत बदलीचा अर्ज केलाय. सत्र संपलं की ती तिथलीच होणार. त्यानंतर कागदपत्रं, कोर्ट, आणि नात वर्षातून दोनदा पाहुण्यासारखी. हे मुफ्लेहला कळत नव्हतं असं नाही. रोज रात्री तो ठरवायचा की उद्या जायचं. सकाळी उठून नमाज पढायचा आणि काही ना काही दुरुस्त करत बसायचा.

अशात त्याच्या दोघा दोस्तांनी अकाबाला जायची टूम काढली. एक अबू सायल, ट्रकवर आयुष्य घालवलेला, गप्प बसला तर आजारी आहे असं समजावं असा. दुसरा अबू नायफ, न्हावी, काडीसारखा बारीक, जुलैतसुद्धा आतून लोकरी बंडी घालणारा. "माझी हाडं वाजायला लागलीयेत," अबू नायफ म्हणाला. "समुद्रावर जाऊ, मासे खाऊ, उन्हात पाय पसरू. ये तूही. तुला काही मागायचं नाहीये तिथं, मासा आपण होऊन ताटात येतो."

टोमणा मुफ्लेहला कळला, पण तो निघाला. वाळवंटातल्या सरळ हमरस्त्यानं जायचं ठरलं होतं. पण पिकअप अबू सायलची, चाक अबू सायलच्या हातात. गाव सोडलं आणि गाडी डोंगराच्या जुन्या रस्त्याला लागली.

"हा रस्ता शोबकवरून जातो," मुफ्लेह म्हणाला.

"मग? शोबक काय रस्त्यात आडवं पडलंय? सरळ रस्त्यावर मला झोप येते. झोपू?"

"आभाळ बघ."

"आभाळ बघून गाडी चालवली असती तर मी अजून पहिल्याच खेपेला असतो," अबू सायल म्हणाला.

तफीलाच्या पुढे बर्फ सुरू झालं. आधी पिठासारखं भुरभुरत होतं, मग कापसाचे बोळे कुणी वरून फेकावेत तसं. काचेवरचा वायपर रडकुंडीला आला. शोबकच्या वळणावर चाक घसरलं आणि गाडी कडेच्या मऊ बर्फात बसली ती बसलीच. पुढे पोलिसाची गाडी आडवी उभी. कानटोपीतून नाक तेवढं बाहेर काढून तो म्हणाला, "रस्ता बंद. बर्फ काढायचं यंत्र उद्या येईल. मागेही जाता येणार नाही."

"आणि आम्ही काय करायचं?" अबू नायफनं विचारलं. त्याचे दात वाजत होते.

"शोबकमध्ये कुणी ओळखीचं आहे का?"

अबू सायल आणि अबू नायफ दोघंही एकदम आभाळाकडे बघायला लागले. वर टेकाडावर, सफरचंदाच्या उघड्या बागेमागे, निळ्या टाकीचं घर दिसत होतं.

"नाही," मुफ्लेह म्हणाला. "मशिदीत झोपू."

"मशिदीत शेगडी नाही," अबू नायफ म्हणाला.

"मग गाडीत झोपू. आधी धक्का द्या."

तिघांनी मिळून धक्के दिले. हातमोजे कुणाकडेच नव्हते; अकाबाला हातमोजे कोण नेतं? मुफ्लेह हातांनी बर्फ उकरत होता. थोड्या वेळानं बोटं आपली आहेत की दुसऱ्याची तेही कळेना. गाडी इंचभर हलली नाही. अबू नायफ कलमा पुटपुटायला लागला आणि अबू सायलनं त्याला झापलं, "एवढ्यात नको रे, अजून मासे खायचेत."

तेवढ्यात वरून ट्रॅक्टर आला. चालवणाऱ्यानं लाल चौकड्यांचा रुमाल डोळ्यांपर्यंत गुंडाळला होता, पण त्या रुंद खांद्यांवरून मुफ्लेहनं लांबूनच ओळखलं. त्याचा व्याही, अबू गानेम. कुणीतरी त्याच्या कानावर घातलं असणार की कराकची गाडी अडकलीये. त्यानं मुफ्लेहकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग साखळी काढून गाडीला अडकवायला लागला.

"बसा गाडीत," तो म्हणाला. "बर्फात उभं राहून काय पेरणी करणार आहात?"

"आम्ही मशिदीत..." मुफ्लेहनं सुरुवात केली.

"माझं घर असताना? गावाला तोंड दाखवू नको का मी?" एवढं बोलून तो ट्रॅक्टरवर चढला. रस्त्यात अडकलेल्याला घरात आणायचं म्हणजे आणायचं. मग तो व्याही असो नाहीतर वैरी असो.

बैठकीच्या खोलीत शेगडी लालबुंद होती. भिंतीला लागून गाद्या, वर उशा. ओले मोजे काढून तिघं टेकले. अबू गानेमनं का आलात विचारलं नाही. आमच्याकडे पाहुण्याला तीन दिवस ते विचारत नाहीत, आणि या पाहुण्याला तर तो तीस दिवस विचारणार नव्हता. त्यानं बर्फाबद्दल विचारलं, तफीलाच्या घाटाबद्दल विचारलं. अबू सायल दहा जणांचं एकटा बोलत होता, तरी खोलीत शांतताच होती. आतल्या दाराआडून एका लहान मुलीचा आवाज आला, "कोण आलंय? कोण आलंय?" आणि कुणीतरी तिला गप्प केलं. मुफ्लेहनं गादीच्या शिवणीवर नजर खिळवली.

अबू गानेम कॉफीची किटली घेऊन उठला. पहिला कप त्यानं मुफ्लेहला दिला. वयानं तोच मोठा. बिनकानाचा छोटा कप, वेलदोड्याची वाफ येत होती. मुफ्लेहनं तो उजव्या हातात घेतला आणि बधिर बोटांमध्ये एकदम जीव आला. सुया टोचाव्यात तशी कळ वरपर्यंत गेली. कप हातातून निसटणार, सांडणार, म्हणून त्यानं तो चटकन समोर जमिनीवर ठेवला.

ठेवला मात्र, आणि आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं. साखरेचा डबा कुठंही ठेवावा, चहाचा ग्लास कुठंही ठेवावा. पण पहिल्या कॉफीचा भरलेला कप यजमानासमोर जमिनीवर! शेंबडं पोरसुद्धा आमच्यात ही चूक करत नाही. अबू सायलचं वाक्य अर्ध्यावर थांबलं. अबू नायफ शेगडीवर धरलेले हात तसेच धरून बसला.

अबू गानेम किटली हातात घेऊन उभा होता. त्यानं कपाकडे पाहिलं, मुफ्लेहकडे पाहिलं. हळूच खाली बसला.

"अबू राकान," तो म्हणाला, "कॉफी घे. ज्यासाठी आलास ते तुला दिलं." आणि मग राहवलं नाही म्हणून, "एवढा उशीर का रे केलास?"

"जियो!" अबू सायलनं मांडीवर थाप मारली. "अल्ला तुझं घर भरलेलं ठेवो! खास याचसाठी तर निघालो होतो आम्ही. मी म्हटलं, बर्फ असो, गारा असोत..."

"गारा असोत," अबू नायफनं मान डोलावली.

मुफ्लेहच्या मनात काय चाललं होतं, ते सांगण्यासारखं आहे. एक शब्द न बोलता काम झालं होतं. कप उचलायचा, एक घोट घ्यायचा, की सून घरी, नात घरी. मागावं लागलं नाही, खांदे पाडावे लागले नाहीत. आयुष्यभर जशी त्याला गोष्ट हवी असायची, अगदी तशी ती समोर आली होती. त्यानं कपाकडे हात नेला.

"बाबा," दारातून आवाज आला. रुबा चहाचं ताट घेऊन उभी होती. "कॉफी तुम्ही दोघांनी प्यायची आणि गाडीत मी बसायचं?"

"रुबा! पाहुणे बसलेत."

"बसलेत म्हणूनच दारात उभी आहे, नाहीतर आत येऊन बसले असते." तिनं ताट खाली ठेवलं. रोडावली होती. मग ती सासऱ्याकडे वळली. "काका, तुम्ही खुशाल आहात ना? हात लाल झालेत तुमचे. मला एवढंच सांगा. तुम्ही मला न्यायला आलात, की रस्ता बंद झाला म्हणून आलात?"

"काहीतरीच काय पोरी!" अबू सायल पुढे सरसावला. "रस्ता बंद झालाय हे तर आम्हाला..."

"अबू सायल, तोंड मिट," मुफ्लेह म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. हो म्हटलं असतं तर भागलं असतं. पण ती समोर उभी राहून विचारत होती, सरळ डोळ्यांत बघून, आणि त्याला खोटं बोलायची सवय नव्हती. त्याला बोलायचीच सवय नव्हती.

"रस्ता बंद झाला म्हणून आलो," तो म्हणाला. "उघडा असता तर खालून निघून गेलो असतो. मान वर करून तुमच्या टाकीकडे बघितलं असतं, तेवढंच. मागेही एकदा बसनं आलो होतो. खाली पेट्रोलपंपावर बसून राहिलो आणि परतीची बस आली तशी चढलो." मग तो अबू गानेमकडे वळला. "आणि कपाचं म्हणशील तर बधिर बोटांत कळ आली म्हणून ठेवला. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. तुझा शब्द तुला परत. असला शब्द मी घेऊ शकत नाही."

अबू नायफनं डोळे मिटून घेतले. अबू गानेमच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. भर बैठकीत, परक्या दोन माणसांसमोर, त्यानं हातचं राखून न ठेवता दिलं होतं, आणि ते कुणी मागितलंच नव्हतं. तो उठला. "मेंढ्यांना चारा टाकायचाय," म्हणाला आणि बाहेर पडला. दार वाऱ्यानं आपटलं.

रुबा मात्र हलली नाही.

"का नाही आलात वर?" तिनं विचारलं. "पंपावरून हाक मारली तरी ऐकू येते इथं."

"मागता येत नाही मला."

"मी काय तुमच्याकडे पाण्याचा हिशेब मागणार होते? त्या दिवशी एक वाक्य बोलला असतात, काका. एकच. 'पोरीला बोलू नका.' मी पिशवीसुद्धा उचलली नसती." तिनं चहाचं ताट त्याच्याकडे सरकवलं. "आज खरं बोललात, बरं वाटलं. पण मी बर्फात अडकलेल्या माणसाबरोबर येणार नाही. रस्ता उघडेल तेव्हा तुम्ही अकाबाला जा. माझ्यासाठी यायचं असेल त्या दिवशी या."

ती आत गेली, आणि ती गेल्याबरोबर दाराच्या फटीतून जुमाना बाहेर आली. अंगावर गुडघ्यापर्यंतचा स्वेटर, हातात सफरचंद. तिला ना जाहा माहीत होती ना कप. ती थेट मुफ्लेहच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"आजोबा, हे सोलून द्या."

त्यानं खिशातला चाकू काढून सोललं.

"आता फोडी करा. नाही, छोट्या. आता मला मांडीवर घ्या. आता गोष्ट सांगा. ही नको, दुसरी."

मुफ्लेह तिच्याकडे बघत राहिला. मागणं संपतच नव्हतं. आणि मागताना तिचे खांदे पडत नव्हते, आवाज मऊ होत नव्हता, हनुवटी चांगली वर होती. मिळेल याची खात्री होती तिला, आणि नाही मिळालं तर आणखी काही मागायचं. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याकडे मागताना माणूस लहान होत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर त्यानं ऐकलं नव्हतं. त्याचं त्यालाच फार वाईट वाटलं. एवढं वय झालं आणि हे एका चार वर्षांच्या पोरीकडून कळावं.

अबू गानेम परत आला तो मेंढी कापायचं ठरवूनच. नाराजी त्याच्या जागी आणि पाहुणचार त्याच्या जागी. मन्सफचं मोठं ताट आलं, भातावर मांस, वरून जमीदचा, म्हणजे वाळवलेल्या दह्याचा, आंबट रस्सा. अबू गानेमनं मांसाचे चांगले तुकडे तोडून मुफ्लेहच्या बाजूला सरकवले, आणि त्याच्याशी एक अक्षर बोलला नाही. संध्याकाळभर अबू नायफनं शेगडीला मिठी मारायची बाकी ठेवली होती. अबू सायलनं ट्रकवरचे किस्से सांगून घरातल्या बायकांनाही दाराआड हसवलं, पण अधूनमधून तो मुफ्लेहकडे असं बघायचा की जणू दूध उतू जाऊ देणाऱ्याकडे बघतोय.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. खालून यंत्राची घरघर ऐकू आली आणि थोड्या वेळानं पोलिसाच्या गाडीचा भोंगा. रस्ता उघडला. अबू गानेमनं गाडी काढून दिली, मागे सफरचंदांची एक पेटी ठेवली. "उन्हात ठेवू नका," म्हणाला. निरोप घेताना मुफ्लेहचा हात त्यानं हातात घेतला आणि लगेच सोडला. रुबा बाहेर आली नाही. जुमाना अंगणात बर्फात उड्या मारत होती.

गाडी उतारावरून खाली आली. कुणी बोललं नाही. अबू सायलसुद्धा नाही, म्हणजे बघा.

वळणावर थांबायला लागलं. रस्ता काळाभोर आणि ओला, दोन्ही कडांना बर्फाचे ढीग. समोर दक्षिणेकडे अकाबाची पाटी.

"मी तुला एक सांगू का, अबू राकान," अबू नायफ मागच्या सीटवरून म्हणाला. "कप ठेवलास तेव्हा मला वाटलं, सुटला एकदाचा. चूक असेना का! देवानं तुझ्या हातानं करून घेतली होती. तू ती परत करून टाकलीस. तुझ्यासारखा माणूस..."

"असू दे," अबू सायल म्हणाला. "मासे खाऊ."

"रस्ता पूर्ण साफ आहे ना?" मुफ्लेहनं विचारलं.

"आरशासारखा. दुपारच्या आत समुद्र."

"आणि मागे, कराककडे?"

"तिकडेही साफ. का?"

"मग वळव."

"कुठं? कराकला?"

"वर. निळ्या टाकीकडे."

अबू सायलनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "काही विसरलास का?"

"अबू सायल, तुला मी आजवर कधी काही मागितलंय?"

"कधीच नाही."

"मग आता मागतोय. गाडी वळव."

अबू सायलनं गाडी अशी वळवली की सफरचंदाची पेटी मागे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली. अबू नायफ "बिस्मिल्ला, बिस्मिल्ला" करत सीटला धरून बसला.

अबू गानेम अंगणात ट्रॅक्टरवरचं बर्फ झटकत होता. गाडी बघून त्यानं फावडं टेकवलं. "काय झालं? पुन्हा अडकलात?"

"नाही," मुफ्लेह खाली उतरत म्हणाला. "रस्ता उघडा आहे. दोन्हीकडून." आत बसा, कॉफी घ्या म्हणायला अबू गानेमनं तोंड उघडलं, पण मुफ्लेहनं हात वर केला. "आधी बोलू दे, नाहीतर पुन्हा राहून जाईल. अबू गानेम, मी माझ्या सुनेला न्यायला आलोय. तुझ्याकडे मागतोय आणि तिच्याकडेही मागतोय. तिच्याशिवाय आणि पोरीशिवाय माझं घर मला खायला उठतंय."

आवाज त्याच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघायला लागली. अबू गानेमनं फावडं खाली टाकलं. त्यानं घराच्या दाराकडे पाहिलं.

दारात रुबा उभी होती. हात पिठानं भरलेले.

"आणि तिथं मला पुन्हा कुणी तसं बोललं तर, काका?"

मुफ्लेहनं खिशातून फोन काढला. बायकोला लावला. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "उम्म राकान, मी शोबकला आहे. हो, रुबाकडे. ऐक आधी. ती येईल की नाही हे ती ठरवेल. पण आली तर आई आणि पगाराची ती गोष्ट आपल्या घरात पुन्हा निघायची नाही. कुणाच्याही तोंडून. निघाली तर मी तिथंच, सगळ्यांसमोर बोलेन. ...रडतेस काय? राकानलाही कळव." त्यानं फोन ठेवला.

पिठाचे हात रुबानं ओढणीला पुसले, मग पुन्हा पुसले. अंगणाच्या कडेला जुमाना ओल्या बर्फात रुतून बसली होती.

"तिचे बूट भिजलेत," रुबा म्हणाली. "दुसरे नाहीत. शेगडीजवळ वाळेपर्यंत निघता येणार नाही. थांबाल?"

"थांबतो," मुफ्लेह म्हणाला.

अबू सायलनं गाडीचं इंजिन बंद केलं.